काचेच्या पेटीतले बूट

१

उद्या कुटुंबांचा दिवस, आणि आज सकाळीच एक पेटी रिकामी.

स्मृतिदालनात काचेच्या पेट्यांची लांबच लांब रांग होती. लढाईत गेलेल्या मुलांच्या वस्तू त्यांत जपलेल्या. कुणाचं घड्याळ, कुणाचा माउथ ऑर्गन, कुणाचा कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. वर्षभर त्या काचेआड असायच्या. वर्षातून एकदाच काच उघडायची आणि ती घरच्यांनीच उघडायची. आपल्या माणसाची वस्तू मांडीवर घेऊन बसायचं, नाव पुकारलं की ती धरून उभं राहायचं. मग अख्खं दालन उभं राहायचं. भाषणंही होत, पण ती ऐकायला कोणी येत नसे. लोक येत ते मांडीवरच्या वस्तू पाहायला.

नेमकी खिडकीजवळची पेटी रिकामी होती. तीत एक बुटांचा जोड होता. शिवणीत माती तशीच वाळून बसलेला, काळा, सैनिकी.

"वन्सं, मी मेले!" दालनाच्या व्यवस्थापिकेने फोनवर एवढंच म्हटलं आणि तिची नणंद दहा मिनिटांत हजर झाली. ही नणंद म्हणजे पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या इन्स्पेक्टर. खात्यात त्यांना सगळे भिंगरी म्हणत. बाई एका जागी बूड टेकवेल तर शपथ. निवृत्तीनंतर घरच्यांना वाटलं होतं, आता तरी बसेल. पण बसणार कसली! वर्तमानपत्रसुद्धा उभ्यानेच वाचायची.

"कुलूप फोडलंय?" भिंगरीने पेटीभोवती दोन फेऱ्या मारून विचारलं.

"नाही हो. सकाळी सगळ्या किल्ल्या लावून बघत होते, उद्या ऐनवेळी अडायला नको म्हणून. तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांच्या ऑफिसातून फोन आला. जुडगा इथेच टेबलावर राहिला."

"आणि फोन किती वेळ चालला?"

"तुमच्या भावाची तक्रार सांगायला लागले की जेवढा चालतो, तेवढा."

म्हणजे बराच. भिंगरीने पुढचं विचारलं. त्या वेळात दालनात कोण कोण होतं?

तिघे होते. खुर्च्यांचे डुगडुगते पाय नीट करणारा सुतार. बूट ज्याचे, त्या मुलाचा धाकटा भाऊ. आणि त्याच मुलाबरोबर शेवटपर्यंत असलेला एक जोडीदार सैनिक. तो आता शाळेची बस चालवतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच इथे आला होता.

"पहिल्यांदाच? आज अचानक बरा उगवला."

"अचानक नाही. मुलाची आई दरवर्षी माझ्यामागे लागते. त्याच्या बरोबरीचे कोण होते त्यांना शोधा, बोलवा. यंदा कुठे पत्ता लागला." भावजय रिकाम्या पेटीकडे वळली. "वन्सं, त्या माउलीने एक वर्ष चुकवलं नाही. दर महिन्याला येते, बुटांना आतून तेल लावते, बाहेरची माती मात्र पुसू देत नाही. उद्या तिला रिकाम्या मांडीने बसवू मी?"

 भिंगरी पेटीत डोकं घालून वास घेत होती. मातीचा वास असायला हवा होता, जुन्या चामड्याचा असायला हवा होता.

"अगं," ती डोकं बाहेर काढत म्हणाली, "इथे बूटपॉलिशचा वास कसा येतोय?"

२

ज्या बुटांना कधी ब्रश लागला नाही, त्यांच्या पेटीला पॉलिशचा वास. भिंगरीचा पहिला संशय गेला तो थेट आपल्याच भावजयीवर.

"पाहुण्यांच्या ऑफिसातून फोन कशाबद्दल होता?"

भावजयीचा चेहरा उतरला. "मागच्या वर्षीच्या फोटोत बुटांवरची माती दिसत होती म्हणे. यंदा स्वच्छ करा म्हणाले."

"आणि तू पाठवलेस पॉलिशला."

"वन्सं!" भावजय अशी उसळली की सुताराच्या हातातला रंधा थांबला. "त्यांना मी स्पष्ट सांगितलं, मातीला हात लावायचा असेल तर पाहुण्यांनी स्वतः येऊन लावावा, आईसमोर. माझ्या घरातली माणसं मला चोर म्हणणार असतील तर धन्य आहे!"

भावजयीला खोटं बोलता येत नाही, हे भिंगरीला लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं. पहिल्याच पंगतीत तिने नणंदेला तोंडावर सांगितलं होतं की तुमचा आवाज फार मोठा आहे. भिंगरीने माफी मागितली आणि मोर्चा सुताराकडे वळवला.

"मिस्त्री, पॉलिश तुम्ही आणलंय?"

"छे हो. नुसता रंधा मारतोय. भुसा बघा ना केवढा झालाय." त्याने अनवाणी पायाने भुसा बाजूला सारला. "मी चहाला गेलो तेव्हा हे दोघे इथेच होते. धाकटे साहेब तावातावाने बोलत होते, उद्यानंतर बूट घरी नेणार म्हणून. आलो तेव्हा ते गेलेले. बसवाले तेवढे खिडकीशी उभे होते, खांद्याला पिशवी. चेहरा पांढराफटक. म्हटलं, रडलेत बिचारे. लगेच गेले."

पिशवी तर धाकट्याकडेही असू शकत होती. रागही होताच. भिंगरी पुन्हा पेटीपाशी गेली. पेटीसमोर एक स्टूल जरा तिरकं सरकलेलं होतं आणि त्याच्यापुढे भुशाचा पातळ थर पसरला होता. ती गुडघे टेकून वाकली. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरायला लागले होते, पण आज त्यांचं कोण ऐकतंय!

भुशात एक पाऊल उमटलं होतं. अनवाणी नव्हे, कारण बोटं सुटी दिसत नव्हती. बुटाचंही नव्हे, कारण तळाची नक्षी नव्हती. मोज्यातलं, पुरुषाचं, बेताच्या मापाचं पाऊल.

म्हणजे चोर इथे स्टुलावर बसला होता. त्याने स्वतःचा बूट काढला होता आणि मेलेल्या माणसाचा बूट पायात घालून पाहिला होता!

३

आईचं घर दोन खोल्यांचं. भिंगरी दारात पोचली तेव्हा धाकटा उंबऱ्यात बसून बूट काढत होता, आणि ते बूट होडीएवढे होते. भुशातलं पाऊल याचं नाही, हे तिला तिथेच कळलं.

"चोरीचा संशय माझ्यावर असेल ना?" तो कडवट हसला. "असू दे. मी नेणारच होतो, पण विचारून. बाई, वर्षातून एक दिवस टाळ्या वाजवतात आणि नंतर आई दवाखान्याच्या रांगेत उभी असते तेव्हा कोणी ओळख देत नाही. मग आमची वस्तू त्यांच्या काचेत कशाला?"

"बूट घरी असते तर वापरले असतेस?"

"माझा पाय शिरेल का त्यात! लहान असताना एकदा घालायला गेलो तर आईने असं धोपटलं की विचारू नका. तसं दादाचे शर्ट मी घालतो, दादाची सायकल मीच फिरवून खिळखिळी केली. दादाच्या चपला तेवढ्या तिने कॉटखाली ठेवल्यात, पण त्यांना हात लावला तरी ती काही म्हणत नाही. फक्त बुटांना हात लावायचा नाही. दालनात जाईपर्यंत ते इथे दाराशी असायचे, तोंड बाहेरच्या बाजूला करून. ती जागा अजून मोकळी ठेवलीय बघा."

दाराशेजारी खरंच एक चौकोन स्वच्छ झाडून मोकळा सोडला होता. एवढ्याशा घरात, जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे.

आई आतून आली. बातमी तिला कळली होती. भिंगरीने मनात धीराची वाक्यं जुळवून ठेवली होती. ती तशीच राहिली, कारण आईच प्रश्न विचारायला लागली.

"कुलूप फोडलं की किल्लीने उघडलं?"

"किल्लीने."

"शेजारच्या पेटीत चांदीचं घड्याळ आहे. ते?"

"ते आहे. फक्त बूट गेलेत."

"कोण कोण आलं होतं?"

भिंगरीने सांगितलं. आईने ऐकलं आणि पदराने चेहरा पुसला, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. "धाकट्या," ती म्हणाली, "पुढचं अंगण झाडून घे. आणि चहाची पातेली मोठी ठेव."

 मुलाची शेवटची खूण चोरीला गेली आणि ही बाई पाहुण्यांची तयारी करते! हिला काहीतरी माहीत होतं. पण ही म्हातारी इथून हललीच नव्हती, मग काय माहीत असणार?

भिंगरीला बसवेना. ती खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. घालता घालता कॉटखालच्या चपलांना तिचा पाय लागला आणि एक चप्पल उलटी झाली. टाच बाहेरच्या अंगाला तिरकी झिजलेली होती, पार चकतीसारखी पातळ.

"दादा फेंगडा चालायचा," धाकटा म्हणाला. "कुठलंही पायताण दोन महिन्यांत असंच करायचा. आई म्हणायची, याला लोखंडाचे बूट द्या, तेही झिजवेल."

भिंगरीने पर्समधून दालनाचं माहितीपत्रक काढलं. त्यात बुटांचा फोटो होता, मागच्या बाजूने घेतलेला. दोन्ही टाचा दिसत होत्या.

बूट वापरलेले होते, चांगले रगडलेले होते. पण टाचा सरळच्या सरळ झिजल्या होत्या.

पेटीतले बूट या मुलाचे नव्हतेच.

४

बसवाला स्टँडसमोरच्या लॉजवर उतरला होता. दार उघडलं तेव्हा तो पलंगावर बसलेला आणि पिशवी त्याच्या मांडीवर. त्याने पळायचा प्रयत्न केला नाही. भिंगरीला वाटलं, हा माणूस बऱ्याच वर्षांपासून कोणीतरी येण्याची वाट पाहतोय.

"मी बोलते," ती खोलीत फेऱ्या मारत म्हणाली, "चुकलं तर थांबवा. पेटीतले बूट तुमचे."

त्याने थांबवलं नाही.

"चोर बूट पळवतो, तो मध्येच बसून मापाचे आहेत का बघत नाही. बघतो कोण? ज्याला शंका असते की हे आपलेच असतील. मेलेल्या मुलाचे म्हणून आलेले बूट त्याचे नव्हते, मग दुसऱ्या कुणाचे तरी होते. ते त्याच्या पायात गेले कसे? त्याच्याच जवळ झोपणाऱ्या, त्याच्याच मापाच्या माणसाचे असतील तर जातील. आणि त्या पेटीत पॉलिशचा वास होता. आतल्या बुटांना कधी पॉलिश लागलं नाही, तेव्हा तिथे दुसरा एक जोड आला होता, चकचकीत. तो तुमच्या पिशवीत होता. तुम्ही चोरायला नाही, बदलायला आला होतात."

बसवाल्याने पिशवीतून दोन्ही जोड काढून जमिनीवर मांडले. एक मातीने भरलेला. दुसरा असा चमकत होता की खिडकी त्यात दिसत होती. त्या चमकत्या जोडाच्या टाचा बाहेरून तिरक्या झिजलेल्या होत्या.

"पहाटे अंधारात इशारा झाला," तो म्हणाला. "हाताला लागले ते बूट घातले आणि पळालो. उजाडल्यावर कळलं, त्याने माझे घातलेत आणि मी त्याचे. आम्ही हसलो. म्हटलं, संध्याकाळी बदलू." तो थांबला. "दुपारी मला खांद्यात गोळी लागली. इस्पितळात शुद्धीवर आलो तेव्हा तो नव्हता आणि पलंगाखाली त्याचे बूट होते."

"मग पाठवले का नाहीत?"

"काय लिहून पाठवू? की तुमच्या मुलाच्या पायात शेवटी माझे बूट होते आणि मी त्याचे घालून परत आलो? मला वाटायचं, त्याच्या वाटचं काहीतरी मी घालून बसलोय. दर आठवड्याला पॉलिश करायचो. आमंत्रण आलं तेव्हा ठरवलं, गुपचूप अदलाबदल करू. त्या माउलीच्या मांडीवर निदान खरे बूट येतील. पेटीजवळ गेलो तर बुटांवर माती! तरी काच उघडून एक पायात घालून बघितला, माझाच होता. आईंनी माती जपली होती, आणि मी मूर्खासारखा त्याच्या बुटांवरची माती कधीच घासून टाकली होती. बदलले असते तर लगेच कळलं असतं. तेवढ्यात सुतार आला. हातात होते ते सगळे पिशवीत कोंबले." त्याने मान वर केली. "बाई, त्यांना सांगू नका. इतकी वर्षं परक्या माणसाच्या बुटांना तेल लावलं, हे कळलं तर त्या मरतील."

भिंगरी खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली. मातीचे बूट गुपचूप पेटीत ठेवून दिले की उद्याचा दिवस निभावेल. आई खोट्या बुटांवर हात फिरवत बसेल आणि सुखी राहील. आयुष्यभर भिंगरीने खरं शोधून काढलं होतं, पण ते पोचतं करायची वेळ दरवेळी साहेबांवर ढकलली होती. आज साहेब नव्हते. 

"खोटं बोलून तिच्या शेजारी उद्या बसाल?" तिने शेवटी विचारलं. "जमेल?"

 बसवाल्याने दोन्ही जोड पिशवीत भरले आणि तो उठला.

अंगण झाडलेलं होतं. दार सताड उघडं होतं. आई दाराजवळच खुर्ची टाकून बसली होती. भिंगरीने बोलायला तोंड उघडलं, पण आईने तिच्याकडे बघितलंही नाही. तिची नजर पिशवीवर होती.

"दोन्ही जोड आणलेस ना रे?" तिने बसवाल्याला विचारलं.

५

 मोठमोठ्या गुन्हेगारांना घाम फोडणारी भिंगरी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, हलायची विसरून.

"पोराची टाच मला माहीत नाही होय?" आई म्हणाली. "पलटणीतून त्याच्या वस्तूंचा पेटारा आला त्या दिवशीच बूट उलटे करून बघितले. म्हटलं, हे माझ्या पोराचे नव्हेत. सगळे म्हणाले, म्हातारी दुःखाने भ्रमिष्ट झाली. मग मी बोलणं सोडलं."

"तरी इतकी वर्षं सांभाळलेत?" भिंगरीने विचारलं.

"बाई, दुसऱ्याचे बूट माझ्या पोराच्या पायात, तर पोराचे कुणाच्या पायात? जो कोणी होता, तो चालत परत गेला असणार. कधीतरी आपले न्यायला येईल. पावण्याचं पायताण दाराशी ठेवतात तसे ठेवले. आतून तेल लावलं, म्हणजे आल्यावर पायाला टोचायला नकोत. माती पुसली नाही, कारण तीवर माझं पोर चाललं होतं. कोणी येईना, तेव्हा दालनात दिले. म्हटलं, चार माणसांच्या नजरेला पडतील. ज्याचे असतील तो ओळखेल."

भिंगरीने नोकरीत किती सापळे लावले होते! साध्या वेशातली माणसं, खोट्या बातम्या, रात्र रात्र पहारे. या बाईने एक जोड बूट मांडला होता आणि नुसती वाट पाहिली होती. सगळ्या खुणा आपल्या डोळ्यांसमोर होत्या, तेल, मोकळी जागा, बाहेर तोंड केलेले बूट, आणि आपण त्यांच्यावरून चालत गेलो, याची तिला मनापासून लाज वाटली.

बसवाला दारातच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. आईने त्याला रडू दिलं. मग मातीचे बूट त्याच्यापुढे ठेवले.

"घाल."

"आई, मी कसे..."

"तुझेच आहेत. माती झाडू नकोस. चालताना पडेल तेव्हा पडेल."

त्याने घातले. चामडं मऊ होतं, पाय सहज आत गेले. धाकटा मघापासून भिंतीशी ताठ उभा होता. तो पुढे आला आणि वाकून त्याच्या नाड्या बांधायला लागला, कारण बसवाल्याच्या हातांना गाठ मारता येत नव्हती.

आईने चमकते बूट मांडीवर घेतले. तिरक्या टाचेवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. आणि अचानक खुदकन हसली.

"काय हे चकचकीत! माझं पोर इतकं टापटीप कधीच नव्हतं. एवढं पॉलिश कशाला करत बसलास?"

"तोच म्हणाला होता."

आईचा अंगठा थांबला. एवढ्यासाठीच ती इतकी वर्षं थांबली होती. "काय म्हणाला? शेवटचं? जसंच्या तसं सांग."

"बूट बदललेले बघून हसला. म्हणाला, राहू देत आता. फक्त संध्याकाळी परत देताना पॉलिश करून दे, नाहीतर आई म्हणेल मी लोकांच्या वस्तू वापरतो आणि स्वतःच्या मळवतो."

आईने बूट छातीशी धरले आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला रडू आलं. धाकट्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. चहा उकळून उकळून आटला, तो उतरवायचं कोणालाच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दालन भरलं होतं. प्रमुख पाहुण्यांना आईच्या मांडीवरच्या बुटांवर माती दिसली नाही, त्यामुळे ते खूश होते. मुलाचं नाव पुकारलं गेलं. आई चमकते बूट धरून उभी राहिली, एका बाजूला धाकटा आणि दुसऱ्या बाजूला मातीचे बूट घातलेला बसवाला. मग अख्खं दालन उभं राहिलं.

"वन्सं," भावजय कुजबुजली, "ते बूट त्या घरी नेणार म्हणतात. मग त्या पेटीत आता काय ठेवू?"

 भिंगरीची नजर फरशीवर होती. बसवाला आईला हाताला धरून जागेवर आणत होता, आणि त्याच्या पावलांमागे फरशीवर मातीचे बारीक कण पडत होते.

कोपऱ्यात सुतार झाडू घेऊन तयारच होता. भिंगरी उठली, त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या हातातला झाडू तिने काढून घेतला.

"राहू दे मिस्त्री," ती म्हणाली. "आज नको."